कोंडाबाईची कॅसेट

मुंबईत एका खोलीत दहा-बारा जणांत झोपणारा व्यंकट नोकरीसाठी रियाधला गेला आणि तिथल्या मोकळ्या जागेनंच हैराण झाला. गावी येणाऱ्या एका माणसाबरोबर त्यानं टेपरेकॉर्डर आणि दोन कॅसेटी खटकचिंचोळीला धाडल्या. एकीत तो बोलला होता, "माय, हितं चहूकडं वाळू. घरं लांब लांब. माणसाचा आवाज म्हणून कानावर पडंना. दुसरी कॅसेट कोरी हाय, घरचा आवाज भरून धाड."

कोंडाबाईनं काम मनावर घेतलं. लेकाला आपला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू जावा म्हणून तिनं कोंबड्या डालग्याखाली झाकल्या, शेजारच्या यल्लम्माचं कांडण थांबवलं, गल्लीतली पोरं पिटाळली. उरला नवऱ्याचा, गुंडेरावचा खोकला. गेली कित्येक वर्षं त्या खोकल्याशिवाय घरात एक घटका गेली नव्हती.

"तुमी जरा शेताकडं जावा बघू," ती म्हणाली. "मी कॅसेट भरायलेय."

मग दार लावून ती एकटीच टेपसमोर बसली. "बाळा, मी बरी हाय. अप्पांची काळजी करू नको. तू आपल्या जिवाला जप."

कॅसेट गेली, आणि महिन्याभरात कुणाला न कळवता व्यंकटच दारात येऊन उभा राहिला. डोकं, मिशी, सगळं सफाचट.



ओट्यावर खोकत बसलेल्या गुंडेरावनं त्याला खालवर न्याहाळलं आणि विचारलं, "कोण गेलं रे?"