गेटबाहेरची खुर्ची

घरची बायको दोन हातांच्या अंतरावर बसलेली असताना नवऱ्याने दुसऱ्या बाईचे गोडवे गावेत, याला निर्लज्जपणा नाही तर काय म्हणायचं? आणि तेही भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, इस्त्री फिरवता फिरवता. वहिनी मागच्या स्टुलावर शर्टाला बटण लावत होत्या. सुई त्यांनी अशी खुपसली, की आत माणूस असता तर ओरडलाच असता.

"बाई नाही, वाघीण आहे वाघीण," अण्णा म्हणाले.

वाघीण म्हणजे फुटबॉल संघाच्या मालकीणबाई. झालं ते सगळ्या गावाला पाठ होतं. खेळायला मनाई असलेला खेळाडू प्रशिक्षकाने चुकून मैदानात उतरवला. लीगने चौकशी लावली. मालकीणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, यादी मी केली, सही माझी, माझ्या माणसाला हात लावायचा नाही. लीगने मग त्यांनाच मोसमभर मैदानात यायला बंदी केली. पुढच्या सामन्याला बाई गेटबाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि आतला आरडाओरडा ऐकत राहिल्या. सामना संपला तसा प्रशिक्षक धावत बाहेर आला आणि त्यांच्या पायाशी फतकल मारून बसला. तो फोटो पेपरात आला. अण्णांनी कापून इस्त्रीच्या टेबलासमोर चिकटवला.

वहिनींचा फोटो त्या दुकानात कुठेच नव्हता.

"नाटक आहे सगळं," सुतार म्हणाला. "शिक्षा पटली नाही तर लीगशी भांडा. खुर्च्या टाकून फोटो कसले काढता?"

"भांडून प्रशिक्षक वाचला असता का?" कंपाउंडर म्हणाला.

"ज्याची चूक त्याने भोगावी."

"अरे, दुसऱ्याची चूक स्वतःवर घ्यायला छाती लागते!" अण्णांनी इस्त्री उभी ठेवली. "त्या प्रशिक्षकाच्या जागी मी असतो ना, जन्मभर बाईंचे पाय धुऊन प्यायलो असतो."

वहिनींनी दाताने दोरा तोडला आणि मान वर करून फोटोकडे पाहिलं.

"बाहीला दोन घड्या पडल्यात," त्या म्हणाल्या. "कुणा आंधळ्याने इस्त्री केलीय. एवढी मोठी वाघीण, पण सरळ बाही काही नशिबात नाही."

कंपाउंडर हसला. "वहिनींना झोंबलं बघा."

"मला कशाला झोंबेल? मी काय गोलात उभी राहते?"

पण झोंबलं होतं. चार दिवस झोंबत होतं. बाईच्या गळ्यातल्या मोत्यांचं काही नाही, मोटारीचंही नाही. पायाशी बसलेल्या त्या माणसाचं झोंबत होतं. फोटोवरून नजर काढावी म्हटलं तरी निघत नव्हती.

कंपाउंडरने काखेतलं गाठोडं टेबलावर सोडलं. लांबच लांब पांढरं कापड, त्यावर लाल अक्षरं शिवलेली: बाई, आम्ही तुमच्या बाजूने. उद्याच्या सामन्याला गेटबाहेर धरायचं होतं.

"दोघांनी दोन टोकं घ्या, लवकर उरकेल," तो म्हणाला.

वहिनी उठल्या. कोपऱ्यातल्या दुसऱ्या इस्त्रीकडे त्यांचा हात गेला.

"अहं! हिला नको," अण्णा म्हणाले. "डॉक्टरीणबाईंच्या मुलाचा लग्नाचा कोट हिच्या हातून जळला, विसरलात? अकरा वर्षं झाली, हिला इस्त्रीला हात लावू देत नाही मी. बटणं बरी तिला."

वहिनींचा हात तिथेच थांबला. दुकान त्यांच्या वडिलांचं. अण्णांना इस्त्री धरायला शिकवली ती याच हाताने. पहिल्या वर्षी कोटाची गोष्ट सांगताना अण्णा खाली बघायचे. पुढे बघेनासे झाले. हल्ली हसत सांगायचे.

"त्या दिवशी अंतिम सामना होता, नाही का हो?" वहिनींनी सहज विचारलं. "कसे जिंकलो होतो आपण?"

अण्णांना गोल विचारावा आणि ते गप्प बसावेत, असं आजवर झालं नव्हतं.

"नव्वदावं मिनिट!" त्यांचा चेहरा उजळला. "रेडिओवर नुसता गोंगाट. डावीकडून चेंडू आला, आणि आपल्या त्या उंच्याने असं डोकं घातलं, असं! गोल! मी इस्त्री टाकून जो सुटलो तो थेट रस्त्यावर. कोपऱ्यापर्यंत नाचत गेलो. परत येऊन बघतो तर दुकानभर धूर..."

अण्णा थांबले.

सुताराने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे.

"म्हणजे कोटावर इस्त्री तुमची होती?"

"हिनेच सांगितलं ना डॉक्टरीणबाईंना," अण्णा पुटपुटले. "माझ्या हातून झालं म्हणून. मी कुठे सांग म्हटलं होतं?"

"नव्हतं म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "माझ्या माणसाच्या हाताचं नाव जाऊ नये, म्हणून मीच म्हणाले."

त्या टेबलाशी आल्या. अण्णा आपोआप बाजूला सरले. वहिनींनी बोट ओलं करून इस्त्रीच्या तळाला लावलं. चर्र झालं. त्यांनी कापडाचं टोक ओढून सरळ केलं आणि पहिल्या अक्षरावरून इस्त्री अशी नेली, की एक सुरकुती मागे राहिली नाही. मग मान वर न करता त्या नवऱ्याला म्हणाल्या:

"पाय धुऊन पिऊ नका, तेवढं मला नको. बटणांचा डबा मागे स्टुलाखाली आहे. तुमची अकरा वर्षं आजपासून."