इनॅडव्हर्टंटली

“पुन्हा म्हणा,” लोइस म्हणाली. “मध्येच थांबू नका. एका दमात.”

“इनॅडव्हर्टंटली,” कातारिना म्हणाली, आणि शब्दाचं शेपूट परत तिच्या दातांत अडकलं.

आयोवातल्या त्या लहान गावाच्या वाचनालयात, मागच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या होत्या. लोइसने एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून ती मांसाच्या कारखान्यात राबणाऱ्या परदेशी लोकांना फुकट शिकवायची. कातारिना ग्वाटेमालाच्या डोंगरातली, साठी ओलांडलेली. आठ वर्षं इथे काढूनही तिचं इंग्रजी दुकानापुरतंच होतं; लोइसशी ती स्पॅनिशमध्ये बोलायची. आताचा हा अवजड शब्द तिला वकिलाने नेमून दिला होता.

डिसेंबरात तिच्या मुलाने, पास्कुआलने, घरासमोर पिकअप मागे घेतली आणि त्याची बायको मिकाएला चाकाखाली सापडली. जागच्या जागी गेली. सरकारी वकील म्हणत होता, हा खून आहे. पास्कुआल म्हणत होता, ती मागे उभी आहे हे मला कळलंच नाही. बर्फातल्या खुणा अँब्युलन्सच्या येण्याजाण्यात पुसून गेल्या होत्या. पाहणारं माणूस एकच. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असलेली कातारिना.

“कोर्टात दुभाष्या मिळतो की,” लोइस पहिल्या दिवशी म्हणाली होती.

“पास्कुआलचे वकील, केसलर, नको म्हणतात. म्हणाले, ज्युरीला आईच्या तोंडूनच ऐकू दे.”

वाक्य एवढंच होतं : माझ्या मुलाने गाडी इनॅडव्हर्टंटली तिच्या अंगावर नेली. घोकून पाठ केलं असतं तरी भागलं असतं. कातारिनाला ते पटेना.

“मला अर्थ सांगा, बाई. शपथ घेऊन बोलायचंय. आपण काय बोलतोय ते आपल्याला नको कळायला?”

लोइसला फार बरं वाटलं. अर्थ विचारणारे विद्यार्थी तिला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले होते. “मनात नसताना, लक्ष नसताना हातून घडलेलं,” तिने सांगितलं.

“म्हणजे चुकून?”

“जवळजवळ. पण चुकून म्हटलं की डोळ्यांपुढे चूक येते. इथे माणूस येतो. आपण काय करतोय याचा ज्याला पत्ताच नाही, असा माणूस.”

कातारिनाने वही पुढे ओढली. मग तिने ते तिच्या वेड्यावाकड्या अक्षरांत उतरवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती स्वतःची वाक्यं करून घेऊन आली. मी इनॅडव्हर्टंटली घेवडा करपवला. धाकट्या नातीने इनॅडव्हर्टंटली दूध सांडलं. मी इनॅडव्हर्टंटली दोन तास रडले.

“पहिली दोन झकास. तिसरं चालणार नाही,” लोइस हळूच म्हणाली. “दोन तास कुणी नकळत रडत नाही.”

“मग काय लिहू?”

“नुसतं रडले म्हणा. तेवढं पुरे.”

कातारिनाने शब्द खोडला. पेन जरा जोरातच दाबलं गेलं.

“पास्कुआल नाही सुटला, तर मुलींचं काय?” लोइसने विचारलं.

“सरकार घेऊन जाईल. त्या कारखान्यात मला कितीसं मिळतं? दोघींना पोसायला पुरणार आहे का?” ती वही मिटत म्हणाली. “थोरली रोज विचारते, आजी, तू बाबांना घरी आणणार ना?”

“आणाल हो. तुम्ही आता हा शब्द माझ्यापेक्षा छान म्हणता.”

कातारिना हसली नाही.

एप्रिलमध्ये खटला उभा राहिला. लोइस चांगला कोट घालून दुसऱ्या रांगेत बसली. कातारिना साक्षीदाराच्या खुर्चीत इतकी लहान दिसत होती की माईक खाली वाकवावा लागला.

“मॅडम, त्या सकाळी तुम्ही खिडकीतून काय पाहिलंत?” केसलरने विचारलं.

“माझ्या मुलाने गाडी इनॅडव्हर्टंटली तिच्या अंगावर नेली.”

एका दमात. एकही अक्षर न अडखळता. ज्युरीतल्या दोन बायकांनी मान डोलावली. पास्कुआलने दोन्ही हातांत तोंड लपवलं. लोइसचे डोळे भरून आले. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या मोलाचं काही आपल्या हातून झालं नव्हतं, असं तिला वाटून गेलं.

“आभारी आहे. मला आणखी काही विचारायचं नाही,” केसलर म्हणाला आणि जागेकडे वळला.

“माझं संपलं नाही,” कातारिना म्हणाली.

केसलर थबकला.

“मग तो खाली उतरला. चाकापाशी वाकला. मिकाएलाने त्याच्याकडे हात केला. त्याने बघितलं. मग तो परत गाडीत जाऊन बसला.”

केसलर काहीतरी ओरडला. न्यायाधीशांनी हात वर केला. कातारिनाचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती गर्दीत कुणालातरी शोधत होती. दुसऱ्या रांगेत तिची नजर थांबली.

“बाई,” तिने विचारलं, “दुसऱ्या वेळेला कुठला शब्द लावायचा?”