बंगल्याची किल्ली

“तू घे जरा,” बाबा म्हणाले आणि त्यांनी ऐन चढावर मोटारहोम थांबवली. “गुडघा धरलाय.”

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा सपाटा लावला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्याच्या पलीकडे थेट समुद्र. ताईची गाडी एकदा नाल्यात गेली होती, तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, पण भीती बसली ती बसलीच. ऑफिसला ती बसने जायची आणि बाकी सगळीकडे नवऱ्याच्या सवडीने.

“बाबा, इथे?”

“मग काय समुद्रात?”

नाइलाजाने ती ड्रायव्हरच्या जागेवर सरकली. बाबांनी मागच्या ओट्यावरून स्टीलचा पेला आणला, पाण्याने भरला आणि डॅशबोर्डवर ठेवला.

“तहान लागते,” ते म्हणाले.

गाडीने असा गचका खाल्ला की अर्धं पाणी ताईच्या मांडीवर आणि उरलेलं पायाखालच्या मॅटवर. बसडेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवण्यात ज्यांची हयात गेली, ज्यांचा आवाज पार फाटकापर्यंत जायचा, ते बाबा खिडकीबाहेर बघत गप्प बसले. ताईला त्यांची दया आली. माणूस किती थकतो, असं तिला वाटलं.

धाकट्या भावाचं म्हणणं खरं होतं तर. निघण्याआधी त्याने फोनवर बजावलं होतं, “त्यांचं वय झालंय ताई. या फेरीला तू बरोबर जा आणि काहीही कर, पण किल्ली घेऊनच ये. माझं ते ऐकणार नाहीत.”

आई गेल्यावर बाबांनी ही जुनी मोटारहोम घेतली होती. आत दोन पलंग, शेगडी, घडीचं टेबल. तिला ते ‘बंगला’ म्हणत आणि दर रविवारी नव्या नवरीसारखी पुसून काढत. या माणसाकडून किल्ली मागायची कशी? ताई मनातल्या मनात वाक्य जुळवत होती आणि पुन्हा मोडत होती.

पुरावे मात्र धडाधड जमत गेले. अरुंद पूल दिसला की बाबांच्या डोळ्यांवर ऊन यायचं. कोळ्यांच्या वस्तीतली चिंचोळी गल्ली आली, तर त्यांना नेमकी डुलकी. मुक्कामाच्या जागी गाडी मागे घ्यायची म्हटलं की मान वळायची नाही. दर वेळी ताई स्टिअरिंगवर बसायची आणि दर वेळी तो पेला डॅशबोर्डवर यायचा. पाणी मात्र बाबा प्यायचे नाहीत.

सकाळी ते कड्याच्या पायऱ्या उतरून खालच्या दुकानातून दूध आणायचे आणि शीळ घालत वर यायचे.

“बाबा, गुडघा फक्त गाडीतच कसा दुखतो?”

“बसून आखडतो गं. म्हातारपणाचे नखरे.”

हळूहळू ताईला समुद्र दिसू लागला. आधी तिला फक्त कठडाच दिसत होता. आता वळणावर एकदम उघडणारी खाडी दिसे, खडकांवर फुटणारं पाणी दिसे, वाळत घातलेली जाळी दिसत. एकदा तर ती चक्क गुणगुणत होती. बाबांनी चोरून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

रस्ता संपतो तिथे दीपगृह होतं. शेवटचा तुकडा सगळा वळणावळणांचा. तोही ताईनेच पार केला. कड्याशी दोन गाड्यांच्या मधल्या फटीत तिने बंगला मागे घेत अलगद बसवला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुठीत घट्ट धरली. आता नाही तर कधीच नाही.

“बाबा, तुम्हाला राग येईल. पण आजपासून गाडी मी चालवणार. ही किल्ली माझ्याकडे राहील.”

बाबा तिच्या मुठीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. ताईला वाटलं, आपल्या हातून मोठं पाप घडलंय.

“ठेव,” ते एवढंच म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर धाकट्याचं नाव होतं. बाबांनी फोन कानाला लावला, डॅशबोर्डवरचा काठोकाठ भरलेला पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि दांडीला हातही न लावता गाडीतून टुणकन खाली उडी मारली.

“जमलं रे! तू मी शिकवलं तसंच बोललास ना तिच्याशी, म्हणून जमलं,” ते म्हणाले. “स्वतःच्या तोंडाने किल्ली मागितली तिने. आणि आज पेल्यातला एक थेंब सांडला नाही. पास केली मी तिला.”