बारा मेचा होमरन

जवळ सरका मायबाप, एका चेंडूची कथा ऐका. मे महिन्यात पावसानं अडलेला बेसबॉलचा सामना जूनमध्ये पुरा झाला. त्यात नवख्या एलिगियोनं चेंडू थेट कुंपणापार धाडून आपला पहिला होमरन मारला. नोंदीत मात्र तारीख पडली बारा मे.

"अहो, तेव्हा मी संघातही नव्हतो! त्या दिवशी माझे बाबा, फेलिसियानो, वारले."

"सामना सुरू झाला तीच तारीख, नियमच आहे बाबा," गुणलेखक म्हणाला.

एलिगियोला काही उमगेना. त्यानं सान पेद्रो गावी आईला फोन लावून तारखेचं सांगितलं.

"तरीच रे लेका!" आई म्हणाली. "शेवटच्या घटकेला तुझे बाबा टाळी वाजवून ओरडले, 'पोरानं कुंपणापार धाडला!' आम्ही म्हटलं, तापातली बडबड."

चेंडू कुंपण ओलांडताना दिसला, तर फेलिसियानोबाबांना आठवा.