बाळ कोणाच्या वाट्याला

बाळ कोणाच्या वाट्याला, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

व्हिएतनाममधून होडीने पळालेली माणसं एका मालवाहू जहाजाने भर समुद्रातून उचलून ओमानच्या सलालाह बंदरात आणली होती. उतरू दिलं ते एका अटीवर: सगळ्यांना कोणी ना कोणी घेऊन जायचं, मागे एकही ठेवायचा नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तीन देशांचे साहेब सकाळपासून वाटणी करत होते. एकाला सुतार, फिटर हवे होते, दुसऱ्याला धडधाकट कुटुंबं. खोकणाऱ्या म्हाताऱ्यावर बराच वेळ गेला. शेवटी त्यालाही कोणी तरी घेतलं.

बाळाची आई होडीतच वारली होती. दुसरं कोणी नव्हतं.

कोपऱ्यात हवाबी बसली होती, बंदरात क्रेन चालवणाऱ्या सिराजची बायको, रत्नागिरीकडची. एका मांडीवर तिची निदा, दुसरीवर ते बाळ. जहाज लागलं तेव्हा ते डब्याचं दूध ओकत होतं. तिने कोणाला न विचारता ओढणीखाली घेतलं. तेव्हापासून दोघं तिच्याच अंगावर पीत होती.

"पोर हितंच ऱ्हाव दे," ती नवऱ्याला म्हणाली. "सांग ना त्यांना. घरात तर लय तोंड चालतं तुजं."

"आपलाच विसा अर्बाबच्या, मालकाच्या खिशात. आपल्याला कोण इचारतो?"

तरी तो उठला. दाराशी उभ्या ओमानी अधिकाऱ्याला त्याने हिंदीत सांगितलं, हिने ह्याला दूध पाजलंय.

अधिकाऱ्याने नजर खाली केली. "पोटभर? पाच वेळा तरी?"

"पाच? रातदिस पितोय, साहेब."

"मग आमच्या शरियतप्रमाणे हा हिचा मुलगाच."

टेबलाजवळ जाऊन त्याने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं.

"असं नातं आमच्या कायद्यात नाही," एक म्हणाला. "अनाथ असेल तर आम्ही नेऊ."

"तो अनाथ नाही."

"मग ठेवून घ्या इथेच."

मागे एकही ठेवायचा नाही, ही अट अधिकाऱ्याच्याच वरिष्ठांची होती.

"खलास," तो सिराजला म्हणाला, अगदी हळू.

त्या साहेबाबरोबरची एक गोरी बाई हात पसरून पुढे आली. हवाबीने बाळाला खांद्यावर घेतलं, ढेकर येईपर्यंत पाठ थोपटली, मग दिलं.

बाई दारापर्यंत गेली तेव्हा हवाबी हिंदीत ओरडली, "ओ मेम! ह्यो मोठा झाला की सांगा ह्याला. हितं ह्याची बहीण हाय, निदा. हिच्याशी ह्याचं लगीन होत नाय. हराम हाय."

"येडी काय गो तू?" सिराज पुटपुटला. "कुठं त्यो, कुठं आपण!"

अधिकाऱ्याने हाताने त्याला थांबवलं. बाईजवळ जाऊन त्याने शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितला.

बाईला गंमत वाटली. ती हसली.

अधिकाऱ्याने तिचं हसू ओसरू दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.