आजीजवळ कोण बसणार?

मुलांनो, जरा डोळे मिटा. साल एकोणीसशे एकोणपन्नास. आटपाडीचा बाजारतळ उन्हानं तापला आहे. लिंबाखाली घोंगड्यावर छत्र्या दुरुस्त करणारी आजी पडली आहे. ती सकाळीच वारली. उशाशी तिच्या काड्या, तार, सुईदोरा. आणि समोर डॉक्टरकीच्या शाळेची उघडी मोटार. आता डोळे उघडा आणि गर्दीत येऊन उभे राहा.

"हिचं कोण आहे?" मोटारीतून उतरलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

कुणी हललं नाही. देवळाकडचे आकाराम दर्ग्याकडच्या मोहिद्दीनभाईंकडं बघत होते, मोहिद्दीनभाई आकारामांकडं. आजी देवळात दिवा लावायची आणि दर्गाही झाडायची. देवळाकडच्यांना वाटे, ती दर्ग्याकडची. दर्ग्याकडच्यांना वाटे, ती देवळाकडची. विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"आवं भाई, मला वाटलं, तुमी कबर खांदाय लावली आसंल."

"आन् मला वाटलं, तुमी लाकडं सांगितली आसतील."

"सांगतो की. पर ती तुमच्यातली निघाली तर? म्हातारीच्या मातीचा घोळ केल्याचं पाप कुनाला?"

मोहिद्दीनभाईंनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"म्हणजे वारस कुणी नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "मग कायद्यानं मला नेता येतं. मुलं हिच्याकडून शरीर शिकतील."

"शिकत्याल म्हंजी कापत्याल," मागून कुणीतरी बोललं.

"हो," डॉक्टर म्हणाले. मग त्यांना आकारामांची लेक बनू दिसली. तिचा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला होता. "बाळ, हाड कुणी बसवलं?"

"सांगलीच्या दाक्तरांनी."

"आत हाड कसं असतं, ते त्यांना कुठनं कळलं असेल?"

बनूनं हाताकडं बघितलं. मग आजीकडं. आजीनं कालच तिला चिंचेचं बुटुक खायला दिलं होतं.

"तितं आजीजवळ कोन बसनार?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"मेलेल्या मानसाला एकटं सोडत न्हाईत. माती हुस्तवर जवळ बसत्यात."

"मुलं असतील की तिथं."

"तिच्यासंगं बोलत्याल?"

डॉक्टर आकारामांकडं वळले.

"आप्पा, तुमी सांगा की," बनू म्हणाली.

"मला न्हाई गं कळत," आकाराम म्हणाले, आणि चपलेनं माती उकरत राहिले.

डॉक्टरांच्या दोन माणसांनी घोंगडं चारी टोकांनी उचललं आणि मोटारीत ठेवलं. कुणी न्या म्हणालं नाही, कुणी नेऊ नका म्हणालं नाही. ड्रायव्हरनं हँडल मारलं. मोटार थरथरली.

तेव्हा बनू लिंबाकडं गेली. आजीनं शिवून फांदीला टांगलेली काळी छत्री तिनं काढली. चाकावर पाय देऊन, एका हातानं धरत धरत, ती मोटारीत चढली. आजीच्या उशाशी बसून छत्रीचा दांडा तिनं गुडघ्यांत धरला आणि छत्री उघडली.

"उतर गं," आकाराम म्हणाले, पण पुढं आले नाहीत. ड्रायव्हर डॉक्टरांकडं बघू लागला. डॉक्टर आकारामांकडं.

बनूनं छत्री थोडी कलती केली. आजीचे पाय अजून उन्हात होते.