समक्ष

"तोंड उघडायचं नाही, आबा. बाई विचारतील, तुम्ही नुसतं हो म्हणायचं," थोरला म्हणाला आणि त्याने बापाला पेन्शन कचेरीतल्या बाकावर बसवलं म्हणण्यापेक्षा टाकलंच.

सकाळपासून त्याचं डोकं फिरलेलं होतं. वर्षभर बापाच्या सहीचं अधिकारपत्र दाखवून तो या खिडकीतून पेन्शन उचलत होता. पण महिन्याच्या महिन्याला रांगेत कोण तिष्ठणार? पेन्शन बँकेत जमा व्हायला लागली, कार्ड आपल्या खिशात आलं, की कटकट मिटली. फक्त त्या बदलासाठी म्हातारा एकदा समक्ष हवा, असा नियम. मग काय, काढला मागच्या खोलीतून, चढवला अंगावर धुतलेला सदरा आणि आणला. सदरा धुतलेला होता; आतला म्हातारा तसाच होता. शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून पलीकडच्या बाकावर गेला.

तेवढ्यात धाकटी बहीण हजर. तिला कुणी सांगितलं, देव जाणे.

"दादा, आंघोळ कधी घातली होतीस रे यांना?"

"आलीस? वर्षभर साधा फोन नाही, आणि आज बरोबर उगवलीस. एवढा पुळका आहे, तर घेऊन जा ना घरी."

"नेते की. ते बँकेचं कार्ड माझ्याकडे राहू दे, आत्ता नेते."

आता बोला! थोरल्याला संतापातही हसू फुटलं. एकाच माळेचे मणी, दुसरं काय. बाकावरचे लोक कान देऊन ऐकत होते. म्हातारा दोघांच्या मधे बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी मान वर करून म्हाताऱ्याकडे पाहिलं. वाढलेली दाढी पाहिली, वाढलेली नखं पाहिली, मग थोरल्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली, आणि आपण ती चुकवली याचाच त्याला राग आला.

"आजोबा, पेन्शन यापुढे बँकेत जमा करायची ना?"

"हो, हो," थोरला म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं."

म्हाताऱ्याने खिडकीची कड घट्ट धरली. "नाही. रोखच द्या, माझ्या हातात. आणि याला दिलेलं अधिकारपत्र रद्द करा."

थोरला खिडकीशी पुढे घुसला. "आबा, वेड लागलंय का? अहो बाई, भ्रमिष्ट झालेत ते, काहीही बोलतात..."

"रस्त्याच्या कामावर मुकादम होतो मी, बाई," म्हातारा शांतपणे म्हणाला. "पगाराला माणूस स्वतः समोर यावा लागायचा. भाऊ आला, बायको आली, परत पाठवायचो. लोक काय शिव्या घालायचे! पण दुखणाईत माणसालासुद्धा घरचे औषधपाणी करून, अंग पुसून, पाठीवर घालून आणायचे. मरू द्यायचे नाहीत."

बाईंनी बँकेचा अर्ज बाजूला सारला. "पण मग तुम्हाला दर महिन्याला इथे यावं लागेल, आजोबा. जमेल?"

"ते यांना विचारा. मला काय, आणलं की आलो."

बाईंनी रद्दचा शिक्का उचलला आणि अधिकारपत्रावर मारला.

थोरल्याला बापाचा गळा धरावासा वाटला. खरंच वाटला. पण मग पुढच्या महिन्याला खिडकीशी आणायचं कुणाला? म्हातारा अंथरुणाला खिळला तर? एवढ्यात कुठे पडला तर?

दाराबाहेर चांगल्या उंच पायऱ्या होत्या. थोरल्याने झटकन बापाचा डावा दंड धरला. उजवा धाकटीने धरला.

"सोड, मी नेतो."

"तू सोड. माझ्याकडे यायचंय त्यांना. हो ना, आबा?"

दोघांच्या ओढाओढीत म्हाताऱ्याचा पाय पायरीवर लटपटला, तसे दोघंही एकदम किंचाळले. म्हातारा सावरला. त्याने आधी मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"हळू," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यालाही लागणार आहे मी."